जास्त ओढतो त्याला ढेप कधी? वाडी-कापसीच्या शाखा व्यवस्थापकांना खुले पत्र

नागपुरातल्या ट्रान्सपोर्ट आणि गोदाम ऑफिसांच्या सर्व शाखा व्यवस्थापकांना,
सप्रेम नमस्कार.

मी वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी आणि ई-वे बिलाचं टेबल सांभाळते. बिल्टी म्हणजे गाडीत चढवलेल्या मालाची पावती, आणि ई-वे बिल म्हणजे तो माल रस्त्याने न्यायला सरकारी पोर्टलवर काढायचा मुदतीचा कागद. अकरा वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अमरावती रोडवरच्या वाडीत बघा की भंडारा रोडवरच्या कापसीत, चार टेबलांचं कुठलंही ऑफिस घेतलं तर त्यातल्या एका टेबलाची ही गोष्ट निघेल. एकाचं न झालेलं काम बाकीच्यांनी ओढायचं, या विषयावर माझ्या साहेबांशी केबिनमध्ये तीनदा बोलले. तिन्ही वेळा चहा आला आणि तिन्ही वेळा "ताई, जरा ॲडजस्ट करून घ्या" एवढं ऐकून मी बाहेर आले. चौथ्यांदा चहा प्यायची इच्छा राहिली नाही, म्हणून उघड लिहिते आहे.

मे महिन्यातली एक पहाट सांगते. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आमचा ड्रायव्हर देवरीच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी लावून उभा होता. "ताई, पुढे चेकिंग लागली म्हणतात. कागद पाहिला तर बिल रात्रीच संपलं."

ही गाडी सोमवारी संध्याकाळी रायपूरसाठी सुटली होती. दर 200 किलोमीटरला एक दिवस, या हिशेबाने रायपूरला दोन दिवसांचं ई-वे बिल मिळतं. म्हणजे बुधवारी रात्री बारापर्यंत. मंगळवारी साकोलीजवळ गाडीचा गिअरबॉक्स बसला. मेकॅनिकची वाट पाहण्यात दीड दिवस गेला आणि बुधवारी संध्याकाळी माल दुसऱ्या गाडीत पलटवला. आता नव्या गाडीचा नंबर पोर्टलवर चढवायचा आणि मुदत वाढवून घ्यायची, हे दहा मिनिटांचं काम. संध्याकाळच्या पाळीतल्या माणसाचं. ड्रायव्हरने त्याला आठ वाजता नंबर व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. "करतो" असं उत्तरही आलं. मग तो घरी गेला.

मुदत संपल्यावर आठ तासांच्या आत ती वाढवता येते, हे या धंद्यात ज्याला ठाऊक असतं त्याची झोप उडते आणि ज्याला ठाऊक नसतं तो शांत झोपतो. माझ्याकडे आठ वाजेपर्यंत वेळ होता. मुलाच्या लॅपटॉपवर लॉगिन केलं, नेट दोनदा गेलं, पिनकोड चुकला, पुन्हा भरला. सहा चाळीसला नवीन तारीख आली, तेव्हा ड्रायव्हरला "निघा आता" म्हटलं. संपलेल्या बिलावर गाडी पकडली गेली असती तर कराच्या दुप्पट दंड, आणि तो भरेपर्यंत माल तिथेच. त्या गाडीत पार्टीचे मोटरपंप होते, कोबीचे गड्डे नव्हते, एवढंच काय ते नशीब.

सकाळी दहाला ऑफिसात पोहोचले. तो संध्याकाळच्या पाळीवाला तर्री पोहे खात होता. मला बघून म्हणाला, "होते ना ताई असं कधी कधी, टेन्शन कायले घेता?" आणि प्लेट माझ्यापुढे केली. राग यायला हवा होता, पण त्याचं बोलणंच असं आहे की माणूस हसतो. मीही हसले. मग साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, आज काहीतरी बोलतील. बोलले. म्हणाले, "वा ताई, वाचवलंत. असं करू, आजपासून रात्रीच्या गाड्यांची ई-वे बिलं पण तुम्हीच बघत जा."

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, साहेब. चूक त्याची झाली आणि काम माझं वाढलं. हे तुम्ही शिक्षा म्हणून केलं नाही, विश्वास म्हणून केलं, हे मला कळतं. पण त्या दिवशी खोलीत बसलेल्या चौघांना त्यातून काय कळलं, याचा विचार तुम्ही केला का?

थोडा हिशेब मांडते. आमच्याकडे दिवसाला साधारण 140 बिल्ट्या निघतात. आम्ही चौघं, म्हणजे डोई 35. प्रत्यक्षात तो 15 करतो आणि बाकीच्या 125 आम्ही तिघं वाटून घेतो. प्रत्येकीला सहा-सात जास्तीच्या. ऐकायला काहीच नाही. पण खरा भार त्या सहा-सातचा नसतो. भार त्याने केलेल्या पंधरांचा असतो. एखाद्याने काम केलंच नाही तर निदान दिसतं तरी, की ते पडून आहे. अर्धवट केलेलं काम दिसत नाही. त्याच्या बिल्टीत कधी माल पाठवणाऱ्याचा जीएसटी नंबर चुकलेला असतो, कधी काट्यावरचं वजन एक आणि कागदावरचं दुसरं, कधी पोचपावती फाईलला लावायचीच राहिलेली. पोचपावती नाही म्हणून पार्टी बिल अडवते, बिल अडलं की वसुलीवाला माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहतो. म्हणून आता त्याची प्रत्येक बिल्टी मी नजरेखालून घालते. पंधरा बिल्ट्या तपासायला जितका वेळ लागतो तितक्यात मी दहा नव्या केल्या असत्या. याची नोंद तुमच्या कुठल्याही रजिस्टरात होत नाही. रजिस्टरात एवढंच दिसतं की चौघांनी मिळून 140 केल्या, काम वेळेत झालं. त्या "वेळेत"साठी कोण साडेसातपर्यंत बसलं, ते रजिस्टर सांगत नाही.

आता कुलरची गोष्ट. तुम्ही एसी केबिनमध्ये बसता, तुम्हाला माहीत नसेल. आमच्या हॉलला एक मोठा कुलर आहे. नागपूरच्या नवतपात तो बंद पडला तर माणसाने काय करायचं हे वेगळं सांगायला नको. त्याची टाकी भरायची पाळी लावलेली होती, दुपारी एक आणि चार वाजता, रोज एकाने. तो त्याच्या पाळीला भरत नसे. "अरे, विसरलोच." पहिल्या आठवड्यात त्याची पाळी मी भरली. दुसऱ्या आठवड्यात माझ्या शेजारची म्हणाली, त्याच्या पाळीला आपण भरायचं तर आपली पाळी कशाला पाळायची? तीही विसरायला लागली. तिसऱ्या आठवड्यात कोणीच कोणाची वाट पाहिली नाही. एक दिवस टाकी कोरडी, पंप तसाच चालत राहिला आणि जळाला. 44 अंशांत तीन दिवस आम्ही सगळे घामात बसलो, तोही बसला. पंप काही हजारांचा नसतो. पण कधी काळी चौघं न सांगता पाणी भरत होते, ते परत काही आलं नाही. नवा पंप आल्यावर साहेबांनी टाकी भरायला शेवटी एका हमालाला नेमलं.

याच उन्हाळ्यात नवीन मुलगी लागली, बी.कॉम. झालेली, चुणचुणीत. पहिल्या महिन्यात ती डबा खाताना पण पोर्टल उघडून बसायची. तिसऱ्या महिन्यात तिने मला विचारलं, "ताई, त्याला पगार आपल्यापेक्षा कमी आहे का?" मी म्हटलं, नाही, जास्त आहे, तो जुना आहे. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा शांतपणे खायला लागली. यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डबा शांतपणेच खावा. पण तिला ते कुणाकडून कळलं हे लक्षात घ्या.

माझे वडील काटोलकडचे शेतकरी. आमच्याकडे एक जोडी होती, त्यातला पाखऱ्या जोरदार आणि दुसरा जरा बसका. नांगराला जुंपताना वडील दोर जुवाच्या बरोबर मध्ये बांधत नसत, चार बोटं पाखऱ्याकडे सरकवून बांधत. दोर ज्याच्या जवळ त्याच्या खांद्यावर जास्त ओढ येते, बसक्याला कमी. पण संध्याकाळी गोठ्यात पाखऱ्यापुढे ढेप, म्हणजे पेंड, जास्त पडायची, आणि आठवड्यातून एकदा त्याच्या खांद्याला हात लावून बघायचे, कातडं सोललं तर नाही ना. दोर सरकवलाय हे वडिलांना ठाऊक होतं. साहेब, तुम्हीही दोर सरकवला आहे. फक्त कुणाकडे आणि किती बोटं, ते तुम्हाला ठाऊक नाही. दिवाळीला बोनसची पाकिटं सारख्याच जाडीची होती.

माझी भाची एमबीए करते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, यावर शंभर वर्षांपासून अभ्यास आहे. फ्रान्समध्ये रिंगेलमान नावाचा शेती-अभियंता होता. शेतीची कामं माणसं, जनावरं, यंत्रं किती जोराने करतात हे तो मोजायचा. त्याने माणसांना दोर ओढायला लावला. 1913 साली छापलेल्या त्याच्या आकड्यांप्रमाणे आठ जण एकत्र ओढत होते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर, एकट्याने ओढताना असायचा त्याच्या साधारण निम्म्यावर आला होता. सगळा दोष आळसाचा नाही, आठ जणांची ओढ एका क्षणी लागत नाही हेही कारण आहेच. पुढे अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हे दोन्ही वेगळं काढलं. आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे हे माणसांना कळलं, तेव्हा ती आळसाची घटही गेली. मला हे वाचून हसू आलं. आमच्याकडे 140 चा आकडा एकत्र लिहितात.

तिच्या वहीतला दुसरा प्रयोग मला जास्त लागला. नॉर्बर्ट केर नावाच्या संशोधकाने 1983 मध्ये जोडीजोडीने माणसांना रबरी फुगा दाबून हवा भरण्याचं काम दिलं. जोडीदाराला काम जमतं, पण तो मुद्दाम करत नाही, असं दिसलं की दुसऱ्याचाही हात ढिला पडायचा. स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल, पण मी एकटाच मूर्ख ठरणार नाही, अशी ती भावना. जोडीदाराला जमतच नाही असं दिसलं, तर मात्र हात तितका ढिला पडत नव्हता.

हे वाचलं आणि मला आमच्याच ऑफिसातली दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याचा अपघात झाला, महिनाभर मेडिकल हॉस्पिटलमध्ये भरती. ती यायची तेव्हा तिचं लक्ष फोनकडे. तीन महिने तिचं निम्म्याहून जास्त काम आम्ही ओढलं. कुणी कुरकूर केली नाही, उलट डबे कोण नेणार यावरून भांडायचो. का? कारण तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं: तीन महिने तिची बिलं तुम्ही तिघं बघा, एवढ्या एवढ्या पार्ट्या तुझ्याकडे, एवढ्या तुझ्याकडे, आणि त्या तीन महिन्यांचा जादा वेळ लिहून ठेवा. लिहिला, पैसे मिळाले. चौथ्या महिन्यात ती परत आली ती अशी की आजही माझ्यापेक्षा तिचे कागद स्वच्छ असतात. ओझं तेव्हाही होतं. पण ते कुणाचं, किती दिवस आणि कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्याही चुका लिहिते, नाहीतर हे पत्र म्हणजे चहाडी होईल. पहिली दोन वर्षं मी त्याच्या चुका गुपचूप दुरुस्त केल्या. पार्टीचा फोन आला की "सर्व्हर डाऊन होता" म्हणून खोटं बोलले. वाटायचं, ऑफिसची लाज राहावी. त्यामुळे साहेबांपर्यंत काही पोहोचलंच नाही, मग त्यांना तरी कसं कळणार? आणि एकदा जूनमध्ये लोडिंग चालू असताना मी त्याला हमालांसमोर नको ते बोलले. त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही बोलल्या त्याचं काही नाही. पण मुदत वाढवायचा तो भाग मले कोणी दाखवलाच नाही. विचारलं तर सगळे म्हणतात, राहू दे, आम्ही करतो." मी त्याला तिथेच बसवून दाखवलं. वीस मिनिटं लागली. त्यातली पाच तो पासवर्ड विसरला म्हणून.

सात वर्षं तो आमच्याकडे आहे. त्याच्या वार्षिक फॉर्मवर दरवर्षी "समाधानकारक" लिहिलं जातं. माझ्याही. त्याला कधी कुणी समोर बसवून सांगितलं नाही की बाबा, अमुक काम तुझं आहे आणि ते होत नाहीये. तुम्हाला वाईटपणा नको होता. मग तो वाईटपणा वाटला गेला, आम्हा तिघांच्या कपाळी थोडा थोडा आला. मी त्याच्याशी कडू झाले, शेजारची त्याच्याशी बोलत नाही, नवी मुलगी त्याला हसते. तो माणूस म्हणून वाईट नाही हो. माझ्या मुलाच्या बारावीच्या वेळी परीक्षा केंद्रावर त्यानेच गाडीने सोडलं होतं, सगळे पेपर.

म्हणून "त्याला काढा" असं मी म्हणत नाही. काढायची धमकी देऊन काम करवून घेणारी ऑफिसं पण मी पाहिली आहेत. तिथे लोक गाड्या सोडून एकमेकांच्या चुका गोळा करत बसतात. आणि त्याला कापसीच्या शाखेत पाठवा असंही म्हणत नाही. ही युक्ती तुमच्यातले बरेच जण करतात. मग कापसीची एखादी ताई असंच पत्र लिहिते.

मला हवं आहे ते साधं आहे. हॉलमध्ये एक पांढरा बोर्ड लावा. रस्त्यावर असलेल्या गाड्या, त्यांच्या ई-वे बिलाची मुदत आणि समोर ती बघणाऱ्याचं नाव. 140 चा आकडा नावानिशी वेगळा लिहा. कुणाला लाज आणायला नको, पण दोर कुणाकडे सरकला आहे ते तुम्हाला रोज दिसू द्या. त्याच्याशी केबिनमध्ये बसून बोला, आमच्यापैकी कुणाचंही नाव न घेता, आणि पुन्हा कधी बोलणार ती तारीख तिथेच ठरवा. काय येत नाही ते विचारा. जे येत नाही ते शिकवायला मी तयार आहे, पण तो वेळ माझ्या कामातून वजा करा. कुणाचं काम दुसऱ्यावर टाकायची वेळ आली तर तसं सगळ्यांसमोर सांगा, किती दिवसांसाठी तेही सांगा. आणि जादा बसावं लागलं तर जादाचे पैसे द्या. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे, त्यात जादा कामाला दुप्पट दर लिहिलेला आहे. तो दर खिशातून जायला लागला की कुणाचं काम कोण करतंय, हा प्रश्न मालकच विचारतील, मला पत्र लिहावं लागणार नाही.

राहिला सुट्टीचा विषय. मागच्या वर्षी पोळ्याला मी गावी जाणार होते. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही नसलात तर बघणार कोण?" त्याची सुट्टी मंजूर झाली, कारण तो नसला तरी फरक पडत नव्हता. पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी ऑफिसात बिल्ट्या करत बसले होते. आमच्या आळीतली पोरं लाकडी नंदीबैल घेऊन तान्ह्या पोळ्याला निघाली ते मोबाईलवर पाहिलं, शहरात मारबतीची आणि बडग्यांची, म्हणजे नकोशा गोष्टींच्या पुतळ्यांची, मिरवणूक निघाली तीही मोबाईलवरच. शेजारची म्हणाली, पुढच्या वर्षी आपण "करतो, करतो" म्हणणारा एक बडग्या काढू. आम्ही तिघी खूप हसलो. तोही हसला आणि म्हणाला, त्याला माझाच शर्ट घाला.

यंदा पोळा आणि पाडवा, दोन्ही दिवसांच्या रजेचा अर्ज मी सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. त्या दोन दिवसांत मुदत संपणाऱ्या गाड्यांची यादी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवली आहे, समोर त्याचं नाव आहे, आणि त्याने स्वतः खाली सही केली आहे. मुदत कशी वाढवायची ते त्याने माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं. दुसऱ्या वेळी पासवर्ड आठवला. माझा फोन त्या दोन दिवशी बंद असेल.

आपली,
वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातली बिल्टीवाली ताई